गाडीतच राहिलेली सतरंजी

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे. चपला बाहेर काढून आलात ना? मग बसा. चपला घालून माझ्यावरून चालणाऱ्या माणसांचा मला भारी राग येतो, आणि या वयात तो लवकर जातही नाही. माझे पट्टे मूळचे निळे आणि तांबडे. धुऊन धुऊन आता निळ्याचा आकाशी झाला आहे आणि तांबड्याचा विटकरी. एका कोपऱ्याला ठिगळ आहे, तेही वेगळ्याच रंगाचे. पण वीण अजून पक्की आहे, आणि याचा मला थोडा गर्व आहे, हे आधीच सांगून टाकते.

माझा जन्म नांदेडात एका हातमागावर झाला. मला विणले व्यंकट नावाच्या विणकराने. तो घरात तेलुगू बोले, गिऱ्हाइकाशी मराठी बोले आणि मागाशी दोन्हींची खिचडी करून बोले. सूत तुटले की तेलुगूत कावायचा, आणि गाठ नीट बसली की मराठीत 'झकास' म्हणायचा. त्याने माझी वीण इतकी घट्ट ठोकली, की त्याचा भाऊ वैतागून म्हणाला, "अरे, फाटलीच न्हाई तर लोकं दुसरी कशाला घेतील?" व्यंकट म्हणाला, "आन् फाटली तर माझं नाव कोण घेईल?" भाऊ हात झटकून उठला. तो चहा आणायला गेला.

पुढे मला एका मंडपवाल्याने विकत घेतले आणि माझी नोकरी सुरू झाली. बारशी, साखरपुडे, भजने, पंगती, प्रचाराच्या सभा, मी सगळीकडे गेले. साखरपुड्यात दोन्हीकडची माणसे माझ्यावर अंग चोरून बसत आणि तासाभराने एकमेकांना टाळ्या देत, ते बघायला मला फार आवडे. सभा मात्र नकोशा वाटत. भाषण लांबले की कंटाळलेली माणसे बसल्या जागी माझे धागे उपटत. काही पुढाऱ्यांची भाषणे माझ्या कडेला अजून दिसतात.

मग प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. हलक्या, चकचकीत, एकात एक बसणाऱ्या. लोक म्हणू लागले, खाली कोण बसतंय आता, गुडघे दुखतात. मला गुंडाळून गोदामाच्या मागच्या भिंतीला उभे केले. तिथे उंदीर होते, धूळ होती, आणि कौतुक करणारे कुणी नव्हते. मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? ज्या वस्तूचा जन्मच माणसांना बसवण्यासाठी झाला, तिच्यावर कुणी बसायलाच तयार नसले तर तिने करावे तरी काय?

एके दिवशी गोदामाचे दार उघडले आणि लुंबिनी मॅडम आत आल्या. त्या विद्यापीठात समाजकार्य शिकवतात. मंडपवाला म्हणाला, "मॅडम, खुर्च्या न्या की. स्वस्तात देतो." मॅडम म्हणाल्या, "खुर्च्या मांडल्या की पोरं माझ्याकडं तोंड करून बसतात. मला ती एकमेकांकडं तोंड करून बसायला पाहिजेत. ही सतरंजी द्या." त्यांनी मला स्वतःच्या हाताने झटकले. इतकी धूळ उडाली की त्या शिंकू लागल्या, आणि मला लाजल्यासारखे झाले.

अशी मी शिक्षणखात्यात आले.

मॅडमचा एक वेगळाच विषय होता. वेळापत्रकात त्याचे नाव 'परोपकार आणि अनुदान' असे भारदस्त छापलेले असे. मुले त्याला 'देण्याचा पेपर' म्हणत. त्याचे असे झाले होते, की अहमदपूरचे श्रीमंतराव नावाचे निवृत्त शिक्षक एकदा विभागात आले. नाव श्रीमंत, पण अंगावर साधा सदरा आणि पायात झिजलेल्या चपला. त्यांनी आपला एक प्लॉट विकून आलेली रक्कम विद्यापीठाकडे ठेवली आणि सांगितले, की तिचे दरवर्षीचे व्याज गावोगावच्या चांगल्या कामाला द्यायचे, आणि कुणाला द्यायचे ते विद्यार्थ्यांनीच ठरवायचे. मॅडमनी विचारले, "सर, तुम्ही स्वतःच का नाही देत?" ते हसून म्हणाले, "मी द्यायला लागलो तर सगळं भावकीतच जाईल की! आन् माणसाला घ्यायला कुणी शिकवावं लागत न्हाई. द्यायला शिकवा पोरांना."

तुम्हाला वाटेल, पैसे द्यायला काय शिकायचे? हात पुढे केला की झाले! मलाही तसेच वाटले होते. पण मुले माझ्यावर गोल करून बसली आणि पहिल्याच तासाला भांडणे लागली. जो तो म्हणे, माझ्याच तालुक्यात गरज जास्त. मग गावोगावच्या छोट्या मंडळांनी, बचत गटांनी आपापली कामे कळवायची, मुलांनी प्रत्यक्ष जाऊन ती पाहायची, परत येऊन माझ्यावर बसून वाद घालायचा आणि शेवटी हात वर करून एकाची निवड करायची, अशी रीत पडली. एकालाच मिळणार म्हणजे बाकीच्यांना नाही म्हणावे लागणार. ते 'नाही' म्हणताना मुलांचे चेहरे इतके उतरत, की मला त्यांची दया येई.

पहिल्या वर्षी एक मजेशीर घोटाळा झाला. लातूर जिल्ह्यातल्या एका गावी मुले अभ्यासिकेचे काम पाहायला गेली. गावाचे नाव मी सांगत नाही, उगीच भांडण नको. दिवस हुरड्याचे होते. गावकऱ्यांनी मुलांना फेटे बांधले, शेतात नेऊन गरम हुरडा चारला, वर दही आणि शेंगदाण्याची चटणी. परत आलेली मुले इतकी खूश होती, की वाद झालाच नाही. सगळे हात वर. सहा महिन्यांनी जाऊन पाहतात तर अभ्यासिकेला कुलूप, आणि खिडकीतून दिसते आहे काय, तर आत सोयाबीनची पोती थप्पी लावून निवांत अभ्यास करीत आहेत!

मॅडमनी तेव्हा कडक नियम केला. पाहणीला गेल्यावर कुणाचाही पाहुणचार घ्यायचा नाही. नियम योग्य होता, असे तेव्हा सगळ्यांनाच वाटले.

दुसऱ्या वर्षीच्या वर्गात सत्यम आणि दीपाली होते. सत्यम उदगीरच्या अडत दुकानदाराचा मुलगा, व्यवस्थित, वक्तशीर, एखादे काम सांगितले तर दीडपट करणारा. दीपाली भोकरकडच्या शेतकऱ्याची मुलगी. ती कमी बोले, पण बोलली की ऐकावे लागे. मॅडमनी पाहुणचार नको एवढेच म्हटले होते. सत्यमने त्यात भर घातली. "पाणी पण आपलं न्यायचं. बसायला पण आपलंच. म्हणजे कुणाचा कुणावर उपकार नको." त्यामुळे मला जीपमध्ये घालून दौऱ्यावर नेऊ लागले. मी खूश होते. गोदामात पडून असलेल्या सतरंजीला सरकारी पाहुण्यासारखे फिरायला मिळाले, तर कुणाला आवडणार नाही?

अशाच एका दौऱ्यात आम्ही भोकर तालुक्यातल्या एका गावी तारामतीबाईंच्या अंगणात आलो. त्या दिवशी मॅडमना परीक्षेचे काम होते, म्हणून मुले एकटीच होती.

दिवस हळदीचे होते. त्या भागात हळद काढली की शेतातच मोठाल्या कढया लावून शिजवतात. सगळीकडे वाफ, धूर आणि जाळ. मजुरीला गेलेल्या बाया लहान लेकरांना बरोबर नेतात, कारण ठेवणार कुठे? आदल्या वर्षी करिश्मा नावाच्या तरुण मजूर बाईचे लेकरू, माउली, रांगत कढईपाशी गेले आणि त्याचा पाय पोळला. त्या दिवसापासून तारामतीबाईंनी स्वतःची मजुरी सोडली आणि गावातल्या मजूर बायांची लेकरे आपल्या अंगणात सांभाळायला सुरुवात केली. बाया जमेल तशी ज्वारी, डाळ देत. त्यावर घर चालणे कठीण होते. अंगणाला कुंपण नव्हते, आणि पलीकडेच हळदीचा जाळ होता. निधी मिळाला तर कुंपण होईल, दूध होईल, मदतीला एक बाई ठेवता येईल. नाही मिळाला तर त्यांना पुन्हा मजुरीला जावे लागेल आणि लेकरे पुन्हा कढयांपाशी जातील. गोष्ट इतकी सरळ होती.

पाहुणे येणार म्हणून तारामतीबाईंनी अंगण सारवले होते. जुन्या लुगड्यांची नवी वाकळ शिवलेली होती, ती मधोमध अंथरली होती. त्या म्हणाल्या, "या लेकरायनो. टेका."

सत्यम पुढे झाला. त्याने ती वाकळ उचलली, नीट घडी केली आणि दोन्ही हातांनी, मोठ्या अदबीने, तारामतीबाईंच्या हातात दिली. "राहू द्या मावशी. आमचं आमच्यापाशी हाय." आणि त्याने मला अंथरले.

तारामतीबाईंनी वाकळ दाराशी ठेवली. आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. मुलांनी आपापल्या बाटल्या दाखवल्या. मग त्या चहाचे कप घेऊन आल्या. शेजारून दूध मागून आणून केलेला तो चहा होता. सत्यम हात जोडून म्हणाला, "मावशी, माफ करा. तुमचा चहा आम्हाला चालत न्हाई."

मित्रांनो, 'चालत नाही' हे दोन साधे शब्द आहेत. सत्यमच्या मनात त्यांचा अर्थ होता, आमच्या नियमात बसत नाही. पण आपल्या गावांमधून पिढ्यान् पिढ्या हेच दोन शब्द दुसऱ्याच अर्थाने म्हटले गेले आहेत. अमक्याच्या घरचे पाणी चालत नाही, तमक्याच्या हातचे चालत नाही. तारामतीबाईंनी ते त्या अर्थाने ऐकले. त्यांचा चेहरा मी खालून पाहिला, आणि मला वाटले, कुणीतरी आत्ताच्या आत्ता मला गुंडाळावे.

मुलांनी प्रश्न विचारले. तारामतीबाईंनी हो आणि नाही एवढीच उत्तरे दिली. जीप निघाली तेव्हा त्या भरलेले कप एकेक करून पातेल्यात परत ओतत होत्या.

मुलांना यातले काहीच कळले नव्हते. उलट सगळ्यांना ते काम आवडले होते. निवडीच्या दिवशी सगळे माझ्यावर बसले, मॅडमही होत्या. एक शंका उरली होती म्हणून दीपालीने तारामतीबाईंना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावे म्हणून मध्ये ठेवला.

"मावशी, मी दीपाली. त्या दिवशी आलो होतो बघा."

"हाव, वळखलं. बरं झालं फोन केला. आमचं नाव काढून टाका तेवढं."

"काहून मावशी? काय झालं?"

"काय व्हायचंय? परवापासून मी हळदीला जाऊन राहिले. ज्या घरचं पाणी तुमाला चालत न्हाई, तिथलं काम तरी कसं चालंल? आमची वाकळ बी घडी घालून हातात दिली माय तुम्ही. धुतलेली होती ती."

फोन बंद झाला. सत्यमचे कान लाल झाले होते. तो म्हणाला, "मॅडम, मी तर चांगल्या मनानं केलं होतं."

"चांगल्या मनानंच केलंस. त्याचंच वाईट वाटतं," मॅडम म्हणाल्या. मग त्या माझ्या पट्ट्यांवरून बोट फिरवीत सांगू लागल्या. "मी लहान होते तेव्हा आमच्या घरी लोक मतं मागायला यायचे. उभ्या उभ्या बोलायचे. आई पाणी द्यायची. ते म्हणायचे, आत्ताच पिऊन आलो. सगळेच कसे आत्ताच पिऊन येतात, मला कळायचं नाही. आईला कळायचं. आणि तिच्या लेकीनं हा नियम केला बघा. करताना माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही."

त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्यांनी ते लपवले नाहीत. कुणीतरी हळूच म्हणाले, "आपण त्यांनाच निधी देऊन टाकू ना. म्हणजे मिटेल." त्यावर दीपाली म्हणाली, "म्हणजे माफीपण पैशानंच मागायची का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप पुन्हा भोकरच्या रस्त्याला लागली. तारामतीबाईंच्या अंगणाशी गाडी थांबताच सत्यमने सवयीने मला खांद्यावर घेतले. मॅडम म्हणाल्या, "ती राहू दे गाडीतच." त्याने मला परत आत ठेवले. खरे सांगते, मला क्षणभर अपमान वाटला. पण गाडीचे दार उघडे होते आणि मला सगळे दिसत होते.

तारामतीबाई कामावर निघाल्या होत्या. डोक्याला फडके बांधलेले, हातात भाकरीचे गठुडे. शेजारी करिश्मा माउलीला काखेला मारून उभी. तारामतीबाईंनी गाडीकडे पाहिले, पण 'या' म्हटले नाही.

सत्यम एकटाच पुढे गेला. "मावशी, पाणी मिळंल का प्यायला?"

"बाटल्या संपल्या का?"

"न्हाई मावशी. भरलेल्या हायत. गाडीतच ठेवल्यात."

तारामतीबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग गठुडे खाली ठेवून आत गेल्या. त्या परत येईपर्यंत सत्यमचा जीव टांगणीला लागला होता, आणि माझाही. त्या तांब्या घेऊन आल्या. तो गटागटा प्यायला. अर्धे पाणी सदऱ्यावर सांडले. मग सगळे आळीपाळीने पाणी प्यायले, मॅडमही प्यायल्या. आणि उभ्या उभ्याच सत्यमने हुरड्याची, फेट्यांची आणि सोयाबीनच्या पोत्यांची सगळी गोष्ट सांगितली. काही लपवले नाही.

तारामतीबाईंनी कमरेवर हात ठेवले. "म्हंजे हुरडा खाल्ला तिकडं, आन् पाणी तोडलं आमचं, व्हय रे?"

आधी करिश्मा हसली. मग तारामतीबाईंनाही हसू आवरेना. त्या आत गेल्या, तीच वाकळ घेऊन आल्या आणि झटक्यासरशी अंथरली. "टेका आता. आन् चहा घेतल्याबिगर उठलात तर बगा."

मुले त्या वाकळीवर बसली. दाटीवाटीने, एकमेकांना खेटून. मी गाडीत गुंडाळलेलीच होते. पण मित्रांनो, आयुष्यभर माझ्यावर किती माणसे बसली, तरी त्या सकाळी माझ्यावर कुणी बसले नाही याचा जेवढा आनंद झाला, तेवढा कधीच झाला नव्हता.

चहा झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "ताई, तुमचं नाव परत घेऊ का आम्ही?"

तारामतीबाई गंभीर झाल्या. "घ्या. पण लाजंपायी देऊ नका. लाज चार दिस ऱ्हाती, लेकरं रोज येतेत. काम बगा. पटलं न्हाई तर तसं तोंडावर सांगा, मला राग न्हाई."

त्या दिवशी त्या हळदीला गेल्या नाहीत, आणि बायांनी आपली लेकरे पुन्हा अंगणात आणून सोडली. मुलेही दिवसभर थांबली. कुणी लेकरांना भरवले, कुणी निजवले. दीपाली हळदीच्या कढयांपर्यंत जाऊन आली आणि म्हणाली की रांगत्या लेकराला तिथे पोचायला वेळ लागणार नाही. सत्यमच्या मांडीवर माउली झोपला, आणि झोपेतच त्याची पँट ओली केली. सत्यम जागचा हलला नाही. आदल्या भेटीत त्यांनी तासभर प्रश्न विचारले होते, पण कामाची खरी ओळख त्यांना या दिवशी झाली.

परत आल्यावर माझ्यावर बसून मोठा वाद झाला. अहमदपूरच्या एका गटाचे कामही चांगले होते, आणि त्याच्या बाजूने बोलणारी मुले होती. तारामतीबाईंनाच द्यायचे आहे तर कारण कामाचे सांगा, आपल्या चुकीचे सांगू नका, असे त्या मुलांचे म्हणणे होते. दीपालीने कामाचेच कारण सांगितले. कुंपण, कढया, पोळलेला पाय, आणि एकट्या बाईने चालवलेले घर. हात वर झाले. सगळे नाही, पण पुरेसे. त्याच बैठकीत नियमही बदलला. चहापाणी सगळ्यांच्या घरचे घ्यायचे, फेटा आणि जेवण कुणाचेच नाही. श्रीमंतरावांना हे कळवले तेव्हा ते म्हणाले, "चला, माझे पैसे वसूल झाले."

कुंपण उभे राहिले त्या दिवशी मुले पुन्हा गेली. मीही गाडीत होते. सत्यम मला उचलू की नको अशा विचारात उभा होता. तारामतीबाईंनी ते पाहिले आणि म्हणाल्या, "आणा ती हिकडं. इथंच ठिवून जा. लेकरायला निजायला व्हईल. तुमाला आता कशाला लागती?"

सगळे हसले. मॅडमनी मला स्वतःच्या हाताने तिथे अंथरले, वाकळीला लागून.

तेव्हापासून मी इथेच आहे. रोज सकाळी हळदीच्या, कापसाच्या, खुरपणीच्या वाटेने जाणाऱ्या आया आपली लेकरे माझ्यावर ठेवून जातात. ती माझ्यावर लोळतात, भात सांडतात आणि काय काय करतात, ते विचारू नका. माउली आता पळतो. मला दर आठवड्याला धुतात. त्याने माझे रंग उडत चालले आहेत, पण माझी तक्रार नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना फेकू नका. उन्हात वाळवा, फाटले तर शिवा, आम्ही अजून खूप वर्षे कामाला येऊ. आणि माझी दुसरी एक विनंती आहे. शिकून मोठे झालात, की तुमच्यापैकी पुष्कळजण कुणाला ना कुणाला काही द्यायला जाल. जरूर जा. पण गेल्यावर त्यांनी जे अंथरले असेल, त्यावर आधी बसा. ते पाणी देतील. तहान नसली तरी दोन घोट प्या.